शुद्ध झाल्याचा कागद

न्हाई, न्हाई, चपला नका काढू. आत न्हाई न्यायचं मला तुमास्नी. बसायचंच असंल तर हितं ओट्यावर बसा — ते पोतं सरकवा जरा, भात हाय त्यात, सांडंल. प्रेरणा घरात न्हाई. सून कंपनीत हाय माझी, नवलाख उंबऱ्याला, चार वाजता येती. तुमाला म्हाईतच हाय की ते. म्हनून तर दुपारचं आलात गाडी काढून लोनावळ्यावरनं. येत्या रविवारी तिला नदीत बुडवून तुमच्यात घेनार, तवा सासूच्या कानावर घातलेलं बरं — असंच ना? तिनंच धाडलं असंल. "पास्टर, आई माझं ऐकायच्या न्हाईत, तुमीच बोला." बोला की. पन आदी माझं ऐका, मग तोंड उघडा. आन माझा हात थांबनार न्हाई, हे पाखडून झालं पायजे उजेड हाय तवर.

आमच्या घरानं धर्म एकदा बदललाय, पास्टर. एकदाच. छप्पन सालानंतर. माझं सासरं, बाजीराव — मी त्यास्नी मामंजी म्हनायची — तवा सव्वीस वर्सांचं व्हतं. घरातलं देव टोपल्यात भरलं, डोक्यावर घेतलं, आन इंद्रायनीत सोडून आलं. मागं वळून बघितलं न्हाई म्हनायचं. का केलं? बाटतंय म्हनायचे ना आमच्यानं. आमी हिरीला हात लावला तर पानी बाटायचं, दारात हुबं ऱ्हायलो तर सारवलेलं अंगान बाटायचं. मग तेच्यावर गोमूत्र शिंपायचं, की झालं शुद्ध. गाईचं मूत शुद्ध, मानूस अशुद्ध! मामंजींनी भरल्या गावात हिरीवर हंडा भरला, डोकं फुटलं, चार टाके पडले, पन हंडा घरी आनला. असल्या घरात तुमी आता शुद्धीची गोष्ट घेऊन आलाय. हसू नगं का मी?

व्हय, मी ऐकलंय तुमचं. तुमी मला बघितलं नसंल, पन मी आलते. दिवाळीनंतरच्या रविवारी, कामशेतला, त्या दुकानावरच्या हालात. एकदम मागच्या खुर्चीवर बसलते. सून कुटं जाती, काय ऐकती, म्हनलं बघू तरी. आन त्या दिवशी तुमी नेमकं काय काढलंत? रगतपिती! जगात दुसरं काय नव्हतंच बोलायला. जुन्या काळी त्या इस्रायलाच्या लोकांत कुनाला कुष्ठ उठलं की त्यानं तळाच्या, म्हंजी छावनीच्या, भायेर जायाचं, कपडे फाडायचे, तोंड झाकायचं, आन 'अशुद्ध, अशुद्ध' असं आपलं आपनच वरडत ऱ्हायचं. बायामानसं 'आमेन' म्हनत व्हती. आपलं आपन वरडत जायाचं म्हंजी काय, ते आमच्या आज्या-पंज्याला पुस्तकातनं शिकावं लागलं न्हाई, पास्टर.

मग तुमी ती पाखरं काढली. तो बरा झाला तर याजकानं, म्हंजी त्यांच्या पुजाऱ्यानं, तळाभायेर जाऊन त्याला बघायचं. दोन जिती पाखरं घ्यायची. एक मारायचं, मातीच्या भांड्यावर, वाहत्या पान्याच्या वर. दुसरं त्या रगतात बुडवायचं आन रानात सोडून द्यायचं. त्या मानसावर सात येळा रगत शिंपायचं, केस भादरायचे, न्हाऊ घालायचं, तरी सात दिस आपल्याच ऱ्हात्या जागंच्या भायेर. मग आठव्या दिशी कोकराचं रगत लावायचं — उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला — आन त्याच जागी वरनं तेल. बघा, सगळं ध्यानात हाय का न्हाई? तुमच्या आमेनवाल्या बायास्नी इचारा, एकीला सांगता यायचं न्हाई. आन शेवटाला तुमी काय म्हनालात? कुष्ठ म्हंजी पाप. मातीचं भांडं म्हंजी येशूची काया. मेलं ते पाखरू येशू, आन सुटलं ते आपन.

पाप! माझ्या सासूनं काय पाप केलतं, सांगा. आक्काबाई तिचं नाव, मी आत्याबाई म्हनायची. भातलावनीला बाया लावायच्या तर अख्ख्या आंदर मावळात पयलं नाव तिचं निघायचं, इतका तिचा हात चालायचा. कुनाला शिवी दिली न्हाई. मी एकोनिसाव्या वर्सी लग्न करून आले तवा मला भाकरी थापता येत नव्हती, तर बाजूला बसून थापून द्यायची आन मामंजींस्नी सांगायची, "रेनूनं केल्यात." आन तिला आजार झाला तर ते पाप? — न्हाई, थांबा, मला कळतंय तुमी काय म्हननार. आजाऱ्याचं पाप न्हाई, पाप सगळ्यांचंच, आजार हा नुसता दाखला. असंच ना? मग तुमच्या देवाला दुसरा दाखला न्हाई मिळाला? खोटं बोलनाऱ्याच्या जिभंला फोड आला असता तर मी म्हनलं असतं, बरा दाखला. ज्याची बोटं झडत्यात त्यालाच धरला व्हय दाखल्याला!

चौऱ्यान्नव साली कळलं. पायात काटा घुसून पू झाला तरी तिला कळंना. कानाच्या पाळ्या जाड झाल्या, भुवया गेल्या. तळेगावच्या दवाखान्यात नेलं तर डाक्टर म्हनाला, कुष्ठरोग हाय, गोळ्यांनी बरा व्हतो, घरातच ऱ्हावा, घाबरू नका. घाबरू नका म्हने! वस्तीत दुसऱ्या दिशी कळलं. आमच्या विहाराच्या अंगनात मानसं जमली — आमचीच मानसं, पास्टर, पंचशील म्हननारी — आन म्हनाली, बाजीरावभाऊ, लहान लेकरं हायती वस्तीत. आन मामंजी, हिरीसाठी डोकं फोडून घेतलेला मानूस, खाली मान घालून बसलं. माझं मालक, राजेंद्र, रेल्वेत गँगमन व्हतं, आठवडाभर लोनावळ्यालाच. ते रविवारी आले तवर ओढ्यापलीकडं कूड घालून झोपडं उभं ऱ्हायलं व्हतं. मामंजींनी सगळ्यांच्या म्होरं सांगितलं, "आक्का तितं ऱ्हाईल. सरकारी कागद आला की ती बरी झाली, की मी सोता जाऊन तिला हाताला धरून आनीन. मग कुनी आडवं यायचं न्हाई." सगळे म्हनाले, न्हाई येनार. लिहून घेतल्यावानी झालं ते.

तिला इचारलं का कुनी? न्हाई. तिनं आपली गोधडी घेतली, एक पातेलं घेतलं, गेली. वरडली न्हाई. तुमच्या शास्त्रावानी वरडायची येळच आमी येऊ दिली न्हाई, आदीच ओढा पार.

मी जेवान न्यायची. ओढ्यात एक चपटा दगड हाय, तेच्यावर ताट ठेवायचं, मागं यायचं, मग ती येऊन न्यायची. मामंजी रोज सांजचं अलीकडच्या काठाला बसायचं आन पलीकडं ती बसायची. आवंदा भात कसा हाय, गाय कवा व्यायची हाय — असलं बोलायची दोघं पान्यावरनं. ते हसतबी. मला राग यायचा त्यांच्या हसन्याचा. का यायचा? सांगते, आलंच हाय तर.

एक बाई यायच्या दवाखान्यातनं, सविताबाई, कुष्ठरोगाच्या. कान्ह्याला गाडीतनं उतरायच्या आन चालत यायच्या हितवर. म्हयन्याला एक गोळ्यांचं पाकीट. चोवीस पाकिटं, दोन वर्सं. त्या गोळ्यांनी आत्याबाई तव्यावानी काळी पडली, तर बाया म्हनाल्या, बघा, रोग वाढतोय. सविताबाई ओढा वलांडून जायाच्या. आत्याबाईचे पाय कोमट पान्यात बुडवून ठेवायच्या, आन मग आपल्या हातानी तेल चोळायच्या — भेगा पडू नयेत म्हनून, जखम व्हऊ नये म्हनून. मी अलीकडनं बघायची. एकदा मला हाक मारली, "रेणुका, इकडे ये, शिकून घे. रोज कर तू हे. तुला काही होणार नाही, मला झालंय का?" मी म्हनलं, पोरगी रडतीय, आन आले निघून. कोमल झोपली व्हती खरं तर.

हां. आता तुमी मला सांगा. उजव्या पायाच्या अंगठ्याला रगत लावायचं म्हनता. माझ्या सासूच्या उजव्या पायाला अंगठाच ऱ्हायला नव्हता. उजव्या हाताचा वाकून तळव्याला चिकटलेला. तिला कुटं लावलं असतं तुमच्या याजकानं? का अंगठा न्हाई म्हनून शुद्धीबी न्हाई, जा माघारी? त्या दिवशी हालात हात वर करून हेच इचारनार व्हते मी. पन उठले आन जिना उतरून घरी आले. … काय? जिथं असायला हवा होता तिथं? तुमाला वाटतं तसं, का लिहिलंय तसं? वाटतं. बरं. तुमाला वाटून तिला काय उपेग.

आन घरी गेल्यावर सुनंनं मला इचारलं. भाकरी करत व्हतो दोघी. म्हनाली, "आई, ते याजक छावनीबाहेर जाऊन बघायचे ना, मानूस बरा झालाय का. आपली आजी बरी झालती का हो? कोन गेलतं बघायला?" मी म्हनलं, "न्हाई झाली बरी. आजारातच गेली." झालं. विषय संपला. पन तवापासनं भाकरी करताना पोरगी माझ्याकडं बघती, आन मला वाटतं हिला ठावं हाय. तिला कसं ठावं असंल? कुनालाच न्हाई. तो कागद आला तवा मी एकटीच व्हते घरात.

… काय बघताय? कागद म्हनलं मी. व्हय. आलता कागद.

श्रावनातली गोष्ट. गोळ्या संपून तपासनी झालती, तिचं उत्तर यायचं व्हतं. ओढ्याला असं पानी, की दगडबिगड काय दिसंना, दोन दिस मी ताट दोरीला बांधून फेकलं व्हतं पलीकडं. मामंजी तापानं पडलेलं. तशात सविताबाई आल्या, कंबरंपतूर भिजलेल्या, आन पिशवीतनं पिशवी काढून त्यात जपलेला कागद मला दिला. शिक्का व्हता. "रोगमुक्त" लिहिलं व्हतं, मला वाचता येतंय, सातवी शिकलेय मी. म्हनाल्या, "मला पलीकडे जाता येत नाही गं. तू आजींना हे वाचून दाखव. आणि पाणी उतरलं की त्यांना घरी आणा. माझी बदली झालीये, पुन्हा येणं नाही होणार." माझा हात हातात घेतला आन म्हनाल्या, "तुझ्यावर सोपवून जाते."

मी चहा टाकला. मामंजींस्नी पायजे व्हता. जळन वलं, पेटंना. मी तो कागद चुलीत घातला.

घातला बघा! तेच्यावर चहा झाला, तो मामंजी पेलं. म्हनाले, बरा झालाय.

बोलू नका. अजून न्हाई झालं. भ्याले व्हते मी, मला पाचवा म्हयना व्हता, प्रज्ञेश पोटात — हे मी मनाला लय येळा सांगितलंय. ते खरंबी हाय. पन सविताबाईंचं मला पटलं व्हतं, पास्टर. त्यास्नी काय झालं न्हाई, मलाबी व्हनार न्हाई, हे मला कळत व्हतं. मग का? आत्याबाईचा तो काळा वाकलेला हात पिठात बघवला नसता मला. आन — आन घर माझं झालतं त्या दोन वर्सांत. चूल माझी, किल्ली माझी. मामंजी मला इचारून बाजाराला जायाचं. मालक आठवड्यानं आले की माझंच ऐकायचे. ती आली असती तर मी पुन्हा बाजूला बसून पीठ मळनारी झाले असते. एवढंच. एवढ्यासाठी मानूस ओढ्यापलीकडं ठेवला मी.

कागद जळल्यावर आनखी तीन वर्सं जगली ती तितं. पानी उतरलं, दगड दिसाया लागला. पयल्या दिशी मी ताट ठेवून वळले तर तिनं हाक मारली, "रेनू, बाई आलती का गं? कागद दिला का?" मी म्हनलं, "न्हाई, आत्याबाई. अजून न्हाई." मग ती रोज न्हाई इचारायची, मला तरास व्हईल म्हनून. आठ-पंधरा दिसांनी इचारायची. पन रोज सांजचं डोक्यावरनं न्हायची, धुतलेलं लुगडं नेसायची, आन काठाला येऊन बसायची — बोलावनं आलं तर आपन तयार असावं म्हनून. मामंजी अलीकडनं म्हनायचं, "सरकारी काम हाय आक्का, येळ लागतो." पुढं पुढं ती दोघं नुसती बसायची. बोलनं संपलं व्हतं त्यांचं.

गेली तवा सकाळी ताट तसंच व्हतं दगडावर, आदल्या दिवसाचं. मालक ओढा वलांडून पळत गेले आन तिच्या पायावर डोकं ठेवून रडले, तितं, अंगठ्याच्या जागी. वस्तीतल्यांनीच खांदा दिला — मेल्यावर कुनाला भ्या वाटलं न्हाई. मामंजी वर्साच्या आत गेलं. मालक तीन वर्सांमागं गेले. शेवटपतूर म्हनायचे, "आईला औषध लागू पडलं न्हाई." मी हूं म्हनायची.

आन तुमी म्हनता, सुटलं ते पाखरू आपन. खरं हाय तुमचं. एक मेलं म्हनून दुसरं सुटलं. ती गेली, आन मी सुटले — चूल, घर, पोरं, आता नातवंडं व्हतील. पन एक सांगा मला, ते सुटलेलं पाखरू रगतात बुडवलेलं असतं ना? रानात गेल्यावर ते रगत कोन धुतं? तुमी गात गात सोडून देता ते, टाळ्या वाजवता, आन खाली उतरता हालातनं. ते कुटं बसतं मग? बाकीची पाखरं त्याला जवळ येऊ देत्यात का? लिहिलंय का तसं काय? न्हाई लिहिलं. मला वाटलंच.

… काय म्हनता? तो शहराच्या वेशीबाहेर मेला. तुमचा येशू. अशुद्ध मानसांच्या जागी जाऊन. म्हनून — आक्काबाईजवळ तितं तो व्हता म्हनता?

खबरदार. तितं कुनी नव्हतं. हे तेवढं तुमी मला सांगू नका. वेशीबाहेर मरनारे आमच्यात लय झाले, त्यांच्या नावानं कुनी हाल भाड्यानं घेतला न्हाई. तितं कोन नव्हतं हे मला ठावं हाय, कारन रोज दोन टायमाला मीच बघत व्हते. तो आला असता तर मी बघितला असता. याजकानं तळाभायेर जायाचं असतं, हे तुमचंच शास्त्र ना? कागद माझ्या हातात दिलता बाईनी. जानारी मी व्हते. मीच याजक व्हते, पास्टर, आन मी गेले न्हाई. त्याला तुमच्या शास्त्रात कुटली पाखरं सांगितल्यात? कुटलं कोकरू? त्या बिचाऱ्या आजाऱ्यासाठी आठ दिसांचं सोपस्कार लिहून ठेवलं, पन घरात बसलेल्या याजकाला कसं शुद्ध करायचं ते कुनी लिहिलं?

त्यालाबी येशूचं रगत पुरतं म्हनता. सगळ्यास्नी पुरतं. किती झटकन म्हनता हो तुमी! आक्काबाई तीन वर्सं डोक्यावरनं न्हात व्हती, आन मला एका आमेनात माफी? ती कोन देनार, तुमी? तुमी तिला बघितलं तरी व्हतं का? ज्यानं माफ करायचं ते मानूस ओढ्यापलीकडं पुरलंय. मला नगं ती माफी. मी सुटले तर तिच्याजवळ ऱ्हानार कोन? तिची आठवन काढनारं आता माझ्याबिगर कुनी जितं न्हाई.

न्हाई, रडत न्हाई मी. फोलपाट गेलं डोळ्यात.

रविवारचं म्हनाल तर प्रेरणाला काय करायचं ते ती करंल. ती मोठी हाय, मिळवती हाय, तिच्या आड मी यायची न्हाई. पन तुमच्याकडं जायाच्या आदी तिला हे घर कसलं हाय ते कळलं पायजे. आज आली की मी सांगनार. तिलाबी, प्रज्ञेशलाबी. तुमी न्हाई सांगायचं. तुमी इसरायचं, आत्ताच्या आत्ता. तुमच्या हालात ही गोष्ट कुनाचं नाव न घेताबी काढली, तर मी पुढच्या खुर्चीवर येऊन बसंन, सांगून ठेवते.

आता उठा. … प्रार्थना नगं. मी सांगितलं ना, नगं. डोळं मिटू नका माझ्या ओट्यावर. आन तो हात — तो हात मागं घ्या. पास्टर, ऐकू येत न्हाई का? मागं घ्या तो हात. डोक्यावर न्हाई, खांद्यावर न्हाई, कुटंच न्हाई. शिवू नका मला.

शिवू नका म्हनते ना.

जावा.